गुणी लेकरू

सत्यवतीबाई लेकरांना रडवते, अशी पहिली तक्रार आली तेव्हा दुकानाच्या मालकीण सुजाता मॅडमनी ती हसण्यावारी नेली. मग दुसरी आली, तिसरी आली. हैदराबादेतल्या कुकटपल्लीचं ते बाळांच्या सामानाचं दुकान. तिथं येणाऱ्या पोरी आयटी कंपन्यांतल्या, मोबाइलवर चार-चार व्हिडिओ बघून आलेल्या. नाकी नऊ येऊन कसंबसं निजवलेलं लेकरू समोरच्या बाईनं तळपायाला टिचकी मारून उठवायचं, म्हणजे काय? चिडणारच की त्या.

पण मॅडमना तिला काढताही येईना. बाळ अंगावर बांधण्यात सत्यवतीचा हात धरणारं दुकानात दुसरं कुणी नव्हतं. साडेतीन किलो वाळू भरलेली एक कापडी बाहुली तिच्या ताब्यात होती, आणि त्या बाहुलीवर ती सगळे प्रकार करून दाखवायची. कडीची झोळी घेतली की कापड एका खांद्यावरून सोडायचं, टोक दोन कड्यांतून ओवून असं ओढायचं की बाहुली छातीशी बसलीच म्हणून समजा. पाच मीटरचं लांब कापड आधी पोटावरून, मग दोन्ही खांद्यांवरून, पाठीवर फुली मारून पुन्हा पुढं. ते बघताना पोरी फोन काढून चित्रीकरण करायच्या. बकलं लावायची बॅग होती, तिला सगळे कांगारू म्हणायचे. आणि एक कमरेला बांधायचा फोमचा ठोकळा होता, बसतं झालेलं मूल त्याच्यावर ठेवायचं. त्या ठोकळ्याचं तिला भारी हसू यायचं. देवानं बाईला कंबर दिली ती कशाला मग, असं ती म्हणायची. अंबरपेठेच्या बाजारात जांभळं विकणारी बाई नाही का एका हातानं तराजू धरते आणि लेकरू कमरेवर नुसतं चिकटलेलं असतं!

शिकवताना मात्र ती हसायची नाही. तेलुगू बाई आली की मोडकंतोडकं म्हणायची, "मुखं कनपडाली." दखनी बोलणारी आली तर, "मुँह दिखना, बस." म्हणजे लेकराचं तोंड दिसलं पाहिजे. हनुवटी आणि छाती यांच्यात दोन बोटं बसली पाहिजेत. आईनं मान वाकवली की टाळूचा मुका घेता आला पाहिजे. एवढं सांगून झालं की ती खऱ्या बाळाच्या हनुवटीखाली स्वतःची दोन बोटं घालून बघायची, आणि बाळ झोपलेलं असलं की टिचकी. बाळानं टाहो फोडला की मगच म्हणायची, जा आता.

एकदा एका झोपलेल्या तान्ह्या पोरीकडं बघून तिच्यासोबतची म्हातारी कौतुकानं म्हणाली, कित्ती शाणी बच्ची है, आवाज नहीं. सत्यवतीनं टिचकी नाही, चक्क चिमटा काढला. त्या दिवशी मॅडमनी तिला आत बोलावलं. सरळ शब्दांत सांगितलं, आजपासून बाहुलीला हात लावायचा, लेकराला नाही. असं का करता, हेही विचारलं. सत्यवती म्हणाली, सवय आहे. मॅडमना ते पटलं नाही, आणि खरं ते सत्यवतीनं चौतीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

आता ते सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

एकोणीस वर्षांची होती ती. माहेर पूर्णेजवळ, शेतकऱ्याचं घर. सासर हैदराबादेत, अंबरपेठेला. नवरा नामदेवराव सरकारी बसच्या डेपोत मेकॅनिक. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, मुलगी झाली. नामदेवराव एकदाच येऊन बघून गेले आणि जाताना नाव ठरवून गेले, रंजना. बारसं सासरी करायचं होतं. सव्वा महिना झाला आणि सासूबाई न्यायला आल्या. पौषातली थंडी होती. आईनं आपलं जुनं मऊ लुगडं फाडून झोळी करून दिली, खांद्यावर गाठ मारली, लेकरू आत आडवं. काचीगुड्याला जाणारी गाडी तेव्हा छोट्या रुळांवरून धावायची, रडतखडत.

डब्यात बसल्या बसल्या सासूबाई म्हणाल्या, पोरगी नक्षत्रासारखी आहे, कोण कसं बघेल सांगता येत नाही, तोंड झाक. सत्यवतीनं पदर ओढला. त्यात चूक ती काय? सगळ्याच बाया झाकतात. कपाळाला तीट लावतात, आणि वर पदर. नांदेडला पाजलं. धर्माबादला पोर थोडी कुरकुरली, तर सासूबाईंनी झोळीची गाठ आणखी आवळायला लावली. मग पोर गप्प झाली. बासरच्या पुलावर गोदावरीला बायांनी हात जोडले आणि समोरची एक बाई म्हणाली, "काय गुणी लेकरू आहे गं तुझं. हूं नाही का चूं नाही."

सत्यवतीला किती बरं वाटलं म्हणून सांगू! पहिलटकरीण ती. सगळा डबा ऐकत होता. पुढचे पाच तास ती पाठ ताठ करून बसली. पाणी प्यायली नाही, पाय हलवला नाही, लेकरू उठेल म्हणून. कामारेड्डीच्या पुढं तिला पान्हा फुटला. चोळी भिजली, छाती दगडासारखी झाली. अंग तिला सांगत होतं की पोरीची वेळ टळून गेलीय. पाजू का, असं तिनं विचारलंसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, निजलेल्या लेकराला कशाला उठवतेस? समोरची बाई पुन्हा म्हणाली, गुणी गं बाई. आणि सत्यवतीनं पदर उचलला नाही.

काचीगुडा जवळ आलं, गाडी हळू झाली, तेव्हा तिनं पदर उचलला. बाप घ्यायला येणार, तोंड पुसून ठेवावं म्हणून. ओठ निळे पडले होते. हनुवटी छातीत रुतली होती.

तिच्या तोंडून आवाज फुटायच्या आत सासूबाईंनी तिच्या तोंडावर हात दाबला. कानाशी म्हणाल्या, ताप होता म्हणायचं, तापानं गेली. नाहीतर माझा पोरगा तुला घरात ठेवायचा नाही. त्यांनी सुनेला वाचवलं की स्वतःला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. फलाटावर नामदेवराव लाल लोकरीची टोपी घेऊन उभे होते.

पुढं काय झालं ते या सगळ्याहून वाईट आहे. ताप होता म्हटल्यावर ताप माहेरातूनच आला असणार. नामदेवरावांनी मनाशी गाठ मारली की सासुरवाडीच्या माणसांनी पोरीचा ताप अंगावर काढला आणि तशीच गाडीत बसवून दिली. दहाव्या दिवशी सत्यवतीचे वडील आले. नामदेवरावांनी त्यांना उंबरा ओलांडू दिला नाही. म्हातारा दारात उभा राहून म्हणाला, निघताना मी पोरीच्या अंगाला हात लावून बघायला पाहिजे होतं, चुकलो. सत्यवती आत भिंतीला पाठ लावून उभी होती. तिनं ऐकलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. म्हातारा त्याच रात्रीच्या गाडीनं परत गेला. त्यानंतर नामदेवराव माहेरच्या वाटेला गेले नाहीत, तिलाही पाठवलं नाही. वडील वारले तेव्हा तिला चौथ्या दिवशी कळलं. भावाचा तेवढा राखीपौर्णिमेला फोन यायचा. मरेपर्यंत म्हातारा म्हणत होता की मी हात लावून बघायला पाहिजे होतं, हेही भावानंच सांगितलं. तेव्हाही ती गप्प बसली.

सासूबाई गेल्या त्याला पंधरा वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात सगळं सत्यवतीनं केलं. एका दुपारी त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, एवढ्या वर्षांत बोलली नाहीस, गुणी गं बाई. सत्यवती उठून मोरीत गेली आणि उलटी करून आली.

तर अशी ही बाई. मधे मुलगा झाला, हर्षवर्धन. त्याला तिनं कधी झोळीत घातलं नाही, दोन्ही हातांवर वाढवला, रात्री-बेरात्री उठवून रडवला. लोक म्हणायचे, पहिली गेली म्हणून धास्तावलीय. मुलगा मोठा झाला, ती शिवणकामाला लागली, तिथून कुकटपल्लीच्या या दुकानात. बाळ बांधायचं शिकवायचं काम आहे म्हटल्यावर दुसरी कुणी असती तर पळून गेली असती. ती नाही गेली. कुणीतरी दोन बोटांचं सांगितलं पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आणि मग या वर्षी नात झाली, वृषाली.

सून प्राची हैदराबादेतच वाढलेली. मराठीत निम्मं इंग्रजी आणि अधूनमधून दखनी नक्को-हौ. पोरगी मनानं चांगली, सासूला आई म्हणून हाक मारायची ती नुसती तोंडदेखली नव्हे. पण महिनाभरात तिचाही संयम संपला. वृषाली झोपली की सत्यवती पाळण्याशी हजर. नाकाशी बोट धरून बघणार, तळपायाला टिचकी मारणार. एकदा, दोनदा, दिवसातून दहादा. शेवटी एका सकाळी प्राचीनं हर्षवर्धनच्या देखत सांगितलं की आईंनी बाळाला हात लावायचा नाही, निदान झोपेत तरी नाही. नामदेवरावांनीही सुनेचीच बाजू घेतली. त्यांना नातीचं वेड लागलं होतं. आमची रंजनाच परत आलीय, असं ते येईल त्याला सांगायचे. रंजनाचं नाव त्या घरात फक्त तेच घ्यायचे. लेकराला छळू नकोस, असं ते बायकोला म्हणाले, आणि ती बाजूला झाली. तेव्हापासून ती स्वयंपाकघरात उभी राहून पाळण्याच्या दिशेनं कान लावून असायची.

त्या दिवशी दीड महिन्याची लस होती. प्राचीनं कडीची झोळी ऑनलाइन मागवली होती. सत्यवतीनं दुकानातून आणली नव्हती, तिच्यानं आणवलीच नाही. खाली हर्षवर्धन स्कूटर सुरू करून हॉर्न वाजवत होता. प्राचीनं घाईघाईत झोळी चढवली, वृषालीला आत सरकवलं. स्वयंपाकघराच्या दारातून सत्यवतीला दिसलं की कापड खाली लोंबतंय, पोरगी आत घडी पडल्यासारखी बसलीय, हनुवटी छातीवर. दोन बोटं काय, एक बोट जाणार नाही. ती पुढं झाली तशी प्राची म्हणाली, "आई, प्लीज. आज तरी नको. मोठ्या मुश्किलीनं झोपलीय."

सत्यवतीचा हात तसाच मागं आला. एवढ्यात नामदेवराव उठले. खुंटीवरची शाल घेतली आणि झोळीवरून वृषालीच्या तोंडावर पांघरली, कडा नीट खोचल्या. वाटेतल्या उड्डाणपुलाखाली धूळ केवढी असते, म्हणाले. आणि पोरगी नक्षत्रासारखी आहे, रस्त्यात कोण कसं बघेल. त्यांच्या आईचे शब्द, जसेच्या तसे. शालीच्या आतून आवाज आला नाही.

"बघ कशी गुणी आहे," ते म्हणाले. "हूं नाही का चूं नाही."

प्राची चपला घालत होती. सत्यवती जाऊन दारात उभी राहिली. आडवी. 

"रंजनाला ताप नव्हता."

नामदेवरावांना आधी कळलंच नाही ती कुणाबद्दल बोलतेय. त्या घरात तिच्या तोंडून ते नाव कुणी ऐकलं नव्हतं.

"ताप नव्हता आला तिला," सत्यवती म्हणाली. "माझ्या झोळीत गुदमरली ती. अशीच. तोंडावर पदर होता. बासरच्या आधीच ती गप्प झाली आणि मी काचीगुड्यापर्यंत मेलेलं लेकरू घेऊन बसले, लोक गुणी म्हणत होते म्हणून. शाल काढ प्राची. आधी शाल काढ."

प्राचीनं शाल ओढून फेकून दिली. कडीतनं कापड सोडलं, पोरीला वर उचललं. तोंड लालबुंद झालं होतं, केस घामानं चिकटले होते. क्षणभर काहीच नाही. मग वृषालीनं श्वास ओढला आणि जे रडायला लागली ते खालून हर्षवर्धन दोन-दोन पायऱ्या चढत वर आला.

पोरीला काही झालं नव्हतं, देवाची कृपा. आणखी दहा मिनिटांनी काय झालं असतं, ते ज्यानं त्यानं समजावं. प्राची भिंतीला टेकून खाली बसली होती आणि वृषालीला घट्ट धरून नुसती सासूकडं बघत होती. बघण्यात आभार नव्हते. 

नामदेवराव उभेच होते. त्यांनी विचारलं, "आईला माहीत होतं?"

"त्यांनीच झाकायला सांगितलं. त्यांनीच ताप म्हणायला सांगितलं. पण बघायचं मी होतं. मी नाही बघितलं."

"आणि तुझा बाप?" ते म्हणाले. "मी त्याला दारातून हाकललं. इथून. तू आत होतीस."

"हौ," सत्यवती म्हणाली. "आत होते."

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. लस दुसऱ्या दिवशी दिली, रिक्षानं जाऊन. प्राचीनं पोरीला हातांवर नेलं.

पुढच्या सोमवारी नामदेवराव सकाळी उठले, धुतलेला सदरा घातला, काचीगुड्याला गेले आणि पूर्णेकडची गाडी धरली. चौतीस वर्षांनी. कुठं निघालात, हे सत्यवतीनं विचारलं नाही, पण कपाटातली ती लाल लोकरीची टोपी त्यांनी पिशवीत टाकली तेव्हा तिला कळलं. ती टोपी इतकी वर्षं कपाटात आहे हे तिला माहीत होतं. कापूर घालून तीच ठेवायची. ते तिसऱ्या दिवशी परत आले, पिशवी रिकामी. पाणी पिऊन झाल्यावर भिंतीकडं बघत एवढंच म्हणाले, "तुझ्या भावाला सगळं सांगितलं. उंबऱ्यावर डोकं ठेवलं मी."

यंदा राखीपौर्णिमेला भावाचा फोन आला नाही. दुपारपर्यंत तिनं वाट बघितली. मग तिनंच लावला. भावजयीनं उचलला, ते शेतात गेलेत म्हणाली. मागं तो खोकलेला सत्यवतीला ऐकू आला. तिनं बरं म्हणून फोन ठेवला. काय बोलणार? आपल्या बापाला तिनं चोरासारखं मरू दिलं, हे त्याचं म्हणणं असेल तर त्यात खोटं काही नव्हतं.

प्राची वाईट वागली नाही. ताट वाढते, औषधाची आठवण करते, आई म्हणते. पण वृषालीला ती सत्यवतीच्या हातात देत नाही. तोंडानं नाही म्हणत नाही, बिचारी तेवढी रोखठोक नाही. आंघोळ झाली की म्हणते, राहू द्या आई, मी घेते. बाहेर जायचं असलं की शेजारणीकडं ठेवते. सत्यवती समजून आहे. मेलेलं लेकरू पाच तास मांडीवर घेऊन बसलेली बाई. तिच्याकडं बाळ देताना कुणाचाही हात मागं येईल, तिचाही आला असता. हे सगळं तिला त्या सकाळीच कळलं होतं, दारात आडवी उभी राहायच्या आधी. तरी वाईट वाटायचं ते वाटतंच. कधी कधी दुकानात गिऱ्हाईक नसताना ती वाळूची बाहुली उगाच छातीशी बांधून फिरते. 

घरात मात्र एक झालंय. प्राची वृषालीला घेऊन बाहेर निघते तेव्हा झोळी तीच, कडीची. खांद्यावर कापड चढवते, कडीतनं ओढते, तोंड उघडं ठेवते, हनुवटीखाली दोन बोटं घालून बघते. हे तिनं सासूला कधी विचारलं नाही, सासूनं कधी शिकवलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडं तिची पाठ असते. नामदेवराव खिडकीशी पेपर घेऊन बसलेले असतात, पान उलटत नाहीत. पोरगी झोपलेली असली तर प्राची चपला घालता घालता थांबते आणि तळपायाला टिचकी मारते.

आत सत्यवती हातातलं काम टाकून उभी असते. वृषाली टाहो फोडते. मग दार लागतं, जिन्यावरून रडणं खाली खाली जातं, आणि ते पार गल्लीत पोचेपर्यंत ऐकून झाल्यावर ती भाजी चिरायला घेते.